उभ्या गाडीतला प्रवास

तिसऱ्या टॅक्सीवाल्यानेही तिला कोपऱ्यावर उतरवलं.

"तुमच्याबद्दल तक्रार नाही, बाई," तो म्हणाला. "पण हिचं रडणं ऐकून लोकांना वाटतंय, मी कुणाला तरी पळवून नेतोय."

हातातल्या टोपलीत आक्का होती. आक्का म्हणजे मांजर. वजन चार किलो, आवाज चाळीस किलोचा. भूगोलाच्या बाईंची बदली पाच तासांवरच्या शाळेत झाली होती. अडीच आठवड्यांनी, सोमवारी रुजू व्हायचं होतं, आणि जगाचा नकाशा तोंडपाठ असलेल्या बाईंना मांजर घेऊन चार चौक ओलांडता येत नव्हते. "मांजर सोड नाहीतर नोकरी सोड," वहिनीने निकाल दिला होता. "आमच्याकडे नको. तुझ्या दादाला शिंका येतात." आक्काला सोडण्यापेक्षा तिने दादाला सोडला असता.

कोपऱ्यावर एक गाडी उभी होती. मागच्या सीटवर चष्मा लावलेला एक तरुण आणि एक केसाळ कुत्रा; दोघेही गंभीरपणे समोर बघत बसलेले. तिने काचेवर टकटक केलं.

"रिकामी आहे का?"

"आहे... पण ही चालत नाही."

"बिघडलीय?"

"छे. आम्ही अजून त्या धड्यापर्यंत आलो नाही."

तरुणाचं समोरच चष्म्यांचं दुकान होतं. कुत्र्याचं नाव साहेब. गाडी सुरू झाली की साहेबाला उलटी व्हायची, म्हणून जनावरांच्या डॉक्टरांनी आधी नुसतं उभ्या गाडीत बसायला सांगितलं होतं.

"किती दिवस चाललंय हे?"

"अकरा."

"आणि प्रगती?"

"काल त्याला चावी दाखवली."

अशा माणसाच्या नादी लागू नये, हे तिला कळत होतं. पण पाऊस भुरभुरू लागला, म्हणून ती पुढच्या सीटवर बसली... आणि आक्का चक्क गप्प झाली.

दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सहा वाजता चौघं त्या गाडीत बसू लागले. निघण्याआधी तीन तास प्राण्यांना खायला काही नाही. साहेबाला पट्टा. काच दोन बोटं खाली. टोपली हलू नये म्हणून सीटच्या मागे खाली घट्ट बसवलेली, वर आक्काची रोजची चादर. चादर घालतानाही तो विचारायचा, "असं बरं, की असं?"

"तुम्ही सगळं असंच विचारता?"

"दुकानात दिवसभर तेच करतो. भिंग बदलायचं आणि विचारायचं. गिऱ्हाईक 'दोन्ही सारखंच' म्हणालं, की समजायचं, नंबर सापडला."

पाचव्या दिवशी इंजिन सुरू झालं. नवव्या दिवशी गाडी दोन हात पुढे गेली आणि तेवढीच मागे आली. तोवर त्या गाडीत बसून तिच्या अख्ख्या वर्गाचे पेपर तपासून झाले होते.

"या वेगाने मी थेट निवृत्त व्हायलाच पोचेन," ती म्हणाली.

तो नाकाने हवा हुंगत होता. "अत्तर लावलंय का? उद्यापासून नको. साहेबाला मळमळतं."

"साहेबासाठी लावलं नव्हतं..." ती बोलून गेली आणि खिडकीबाहेर बघू लागली. त्याने चष्मा काढून पुसला. चांगली दोन मिनिटं.

शेवटच्या गुरुवारी तिचा संयम संपला. "रविवारी मला निघायचंय. चालवा."

"अजून थोडी तयारी—"

"चालवा म्हटलं ना."

टपावर भरलेला पेला ठेवल्यासारखा तो बाजारातून, पुलावरून गाडी चालवत राहिला. अर्ध्या तासाने तिने मागे पाहिलं. साहेबाची हनुवटी सीटच्या कडेवर, खाली आक्का, दोघंही गाढ झोपलेली.

"हे कधीपासून?"

त्याने उगाच आरसा नीट केला.

"मी विचारतेय."

"साहेब आठवड्यापूर्वीच बरा झाला. सकाळी त्याला पुलापर्यंत फिरवून आणतो. आणि आक्का इंजिन सुरू असताना झोपते, हे... तुम्हालाही दिसत होतं."

"मग मला दोन हात पुढे, दोन हात मागे कशाला खेळवत होतात?"

"हे दोघं तयार होते, बाई. मी नव्हतो."

तिला भयंकर राग आला. कारण ते तिलाही खरंच दिसत होतं.

रविवारी तोच तिला पोचवायला निघाला. पाच तास गाडीत शांतता होती. प्राणी झोपले होते आणि बाई रागावलेल्या होत्या. नव्या घरासमोर त्याने इंजिन बंद केलं, आणि त्याच क्षणी आक्काने अडीच आठवड्यांचा साठवलेला गळा काढला.

"आता हिला काय झालं?"

"गाडी थांबलेली आवडली नाही तिला." तो चावीशी चाळा करत राहिला. "रविवारी मी इकडे येत जाऊ... की तुम्ही तिकडे याल? असं बरं, की असं?"

तिने मांजराकडे पाहिलं, सामानाकडे पाहिलं, मग या माणसाकडे. हा लग्नाचंही असंच विचारणार, आणि त्याआधी तीन वर्षं मांडवात नुसतं बसवून ठेवणार.

"दोन्ही सारखंच," ती वैतागून म्हणाली.

त्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग अठरा दिवसांत पहिल्यांदाच, कसलीही तयारी न करता, त्याने तिचा हात धरला.

आक्का ओरडतच होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं.