पाहुण्यांची पंगत

"हे तू लिहिलं, बाई? हे... हे तूच लिहिलं काय?"

वड्यांचं पीठ मळता मळता दुर्गेश्वरीचे हात परातीतच थबकले. स्वयंपाकघराच्या दारात हिमांशू उभा होता. तिने अंगाखांद्यावर वाढवलेला, इकडच्या रीतीने थोरल्या बहिणीला 'बाई' म्हणणारा तिचा धाकटा भाऊ. हातात तिची कादंबरी, आणि डोळे रडून लाल झालेले!

आज कामठ्याची मंडई. दिवाळी सरली की गावोगाव भरणारी ही जत्रा. दुपारी दंडारीचं लोकनाट्य, रात्री नाटक आणि घरोघर पाहुण्यांच्या पंगती. यंदा तलावाच्या पाळीजवळ, म्हणजे बांधापाशी, भलामोठा फ्लेक्स झळकत होता, 'गावच्या लेखिका दुर्गेश्वरी मंगरू लंजे यांच्या "पाळीवरच्या दोघी" या कादंबरीस पुरस्कार, हार्दिक अभिनंदन!' फ्लेक्स हिमांशूनेच लावला होता, आणि त्यावर स्वतःचा फोटो बहिणीच्या फोटोपेक्षा जरासा मोठाच छापून घेतला होता. आता फ्लेक्स लावणाऱ्याने पुस्तकही वाचावं, असा काही नियम नाही! दोघी म्हणजे असतील कोणी मैत्रिणी, एवढंच तो समजून चालला होता. पण मंडई मंडळाचे अध्यक्ष दुर्गाप्रसादजी यांच्या सुनेला दुपारच्या सत्कारात परिचयाचं भाषण करायचं होतं, म्हणून तिने बिचारीने पुस्तक वाचलं. आणि सकाळीच अध्यक्षांचा फोन आला.

"त्या दोघी नवरा-बायकोसारख्या राहतेत म्हने पुस्तकात!" हिमांशूचा आवाज चिरकला. "दुर्गाप्रसादजी सत्कारच रद्द करत होते. मी हातापाया पडलो. तू स्टेजवर फक्त एवढं सांगजो का हे सारं मनानं रचलं, कोनाचंच नाही. मी सांगीन का तू माह्यापायी लगन नाही केलं. लोक तुले देवी मानतेत, बाई!"

चुलीजवळ बसलेल्या मायने, शकुंतलाबाईने, मान वर केली नाही. सून चेतना कढईत झारा धरून नुसती पाहत राहिली.

देवी! होय, कितीतरी वर्षं दुर्गेश्वरी या गावाची देवी होती. बाप गेला तेव्हा हिमांशू शाळेतही जात नव्हता. तिने गोंदियात मास्तरकी धरली, घर सावरलं, आणि स्थळं येऊ लागली तेव्हा म्हणाली, "आधी हिमांशूचं शिक्षण." ऐकणाऱ्यांचे डोळे भरून आले! केवढा हा त्याग!... पण तिच्या अंतःकरणालाच ठाऊक होतं की लग्नाचा त्याग तिने केलाच नव्हता, ते तिला कधी हवंच नव्हतं. तिचा संसार गोंदियाला रेल्वे फाटकाजवळच्या दोन खोल्यांत केव्हाच मांडला गेला होता, बँकेत काम करणाऱ्या पुष्पांजलीबरोबर. त्याग झाला होता तो त्या संसाराच्या नावाचा!

तिच्या स्वतःच्या नावाचाही. दिवाळी अंकांत वर्षानुवर्षं तिच्या प्रेमकथा छापून आल्या त्या 'मंगरूसुत' या नावाने. त्यातला 'तो' 'ती'च्यासाठी झुरायचा आणि वाचक हळहळायचे. संपादकांची पत्रं यायची ती 'श्री. मंगरूसुत' यांना. प्रत्येक कथेतला 'तो' दुर्गेश्वरीच होती. पुरुषाचं सोंग घेऊन आपलंच प्रेम लिहायचं, आणि त्याची तारीफ परक्यासारखी ऐकायची! ही पहिली कादंबरी, जिच्यात तिने 'तो' काढून टाकला आणि मुखपृष्ठावर आपलं नाव घातलं. आणि आज भर सभेत त्याच नावाने तिला म्हणायचं होतं, हे माझं नाही...

तिने परसात जाऊन पुष्पांजलीला फोन लावला. "पुष्पा, आज येऊ नकोस. मला कदाचित तुझ्यासमोरच..."

"दर मंडईला येते मी, और आज ही नहीं आऊँ? बसमध्ये बसून राहिली मी," पुष्पांजली म्हणाली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुले जे बोलायचं ते बोल, दुर्गा. मी मागं बसते. नेहमीसारखी."

नेहमीसारखी!... पुण्याची बढती नाकारून गोंदियात थांबलेली ती बाई, दर मंडईला या घरात 'शाळेजवळ राहणारी मैत्रीण' म्हणून यायची, पाहुण्यांच्या पंगतीत जेवायची, आणि संध्याकाळच्या बसने परत जायची. मायने तिला काही कमी पडू दिलं नव्हतं. ताटात पहिला वडा नेहमी तिलाच. पाहुणीचा मान!

दुपारी मंडप खच्चून भरला. शिंगाडे सोलत बायका पुढे बसल्या होत्या, दंडारीची मंडळी ढोलकी घेऊन बाजूला खोळंबली होती. दुर्गाप्रसादजींनी शाल-श्रीफळ दिलं खरं, पण नजर चुकवून. मग हिमांशूने माईक घेतला आणि त्याला खरंच रडू कोसळलं.

"माह्या बाईनं माह्यासाठी लगन नाही केलं... मले शिकवलं, माहा संसार उभा केला, अन् सोता..." टाळ्या कडाडल्या, बायकांनी पदर डोळ्यांना लावले.

माईक दुर्गेश्वरीच्या हातात आला. एकच वाक्य म्हणायचं होतं. ते म्हटलं की भाऊ सुखी, गाव सुखी, शाल खांद्यावर... तिने समोर पाहिलं. बायकांच्या अगदी शेवटच्या रांगेत पुष्पांजली मान खाली घालून बसली होती. ते वाक्य ऐकायची तिने तयारी करून ठेवली होती. किती वेळा? या बाईला आणखी किती वेळा नाकारायचं?

"हिमांशू," ती म्हणाली, "मी तुझ्यासाठी लग्न सोडलं नाही रे. मला ते करायचंच नव्हतं. तुझ्यावर माझे काही उपकार नाहीत. आणि हे पुस्तक मी मनाने रचलेलं नाही... त्यातल्या दोघींपैकी एक मी आहे."

मंडपात शिंगाडे सोलणारे हात थांबले. मागून कोणीतरी फिसकन हसलं, कोणी 'अरे देवा' म्हणालं. आणि दुर्गाप्रसादजींनी घाईघाईने हात हलवला तशी ढोलकी एकदम कडाडली.

ती घरी पोचली तेव्हा हिमांशू दारातच उभा होता.

"माह्या लगनात अक्षता पडून राहिल्या होत्या अन् मी रडून राहिलो होतो, बाई! वाटे, माह्यापायी तुहा संसार नाही झाला. चेतनाले लुगडं घेतलं तरी मनात चोरी वाटे... अन् तू मले सांगितलं काऊन नाही?"

"भीत होते रे," ती एवढंच म्हणाली. त्याने तोंड फिरवलं.

दिवस कलला. ठरलेले पाहुणे आले, न येणारे आले नाहीत. अंगणात पंगत बसली, कमीच माणसांची. पुष्पांजली कोपऱ्यातून हळूच आली आणि सवयीने पाहुण्यांच्या रांगेत टोकाला बसली. हिमांशू भाताची परात घेऊन वाढायला निघणार, एवढ्यात आतून माय बाहेर आली. मंडपातून आल्यापासून तिने कोणाशीही अवाक्षर काढलं नव्हतं. ती सरळ पुष्पांजलीसमोर जाऊन उभी राहिली.

"उठ."

पुष्पांजलीने पानापासून हात मागे घेतला.

"उठ म्हनते ना!"

ती उठली. दुर्गेश्वरी धावली. "माय! तिला नको ग... जे बोलायचं ते मला बोल!"

"तू चूप राय." मायने लेकीला हाताने बाजूला सारलं. "काय वो, पाहुण्यायच्या पंगतीत काऊन बसून राहिली? घरच्या बाया आधी वाढतेत, मंग जेवतेत. इतके वर्ष झाले, तुले कोनी सांगितलं नाही?" तिने पदर खोचला. "कोन सांगन म्हना... मीच नाही सांगितलं. हिमांशू, दे तिले परात."

हिमांशू परात धरून उभाच राहिला. पाहुण्यांचे हात थबकले. चेतना दारातून नवऱ्याकडे पाहत होती. सगळा जन्म त्या एका परातीपाशी येऊन अडला होता!

हिमांशूने बहिणीकडे पाहिलं. मग डोळे बाहीला पुसले आणि परात पुढे केली.

"भारी आहे," तो पुष्पांजलीला म्हणाला, "सांभाळून घेजो... बाई."

पुष्पांजली वाढू लागली. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण एकाही पाहुण्याच्या पानात भात कमी पडला नाही. दुर्गेश्वरी वरणाची बादली घेऊन तिच्या मागोमाग चालली.

पाहुणे उठले, मग घरच्या चौघी चुलीजवळ बसल्या. भात फारसा उरला नव्हता. मायने भांडं खरवडून काढलं आणि चार ठिकाणी सारखा वाढला.