बुडखा गावाकडं

पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी पियुषचं दूध पिऊन झालं आणि तिथूनच हे सगळं सुरू झालं. मोबाईल उशाशी होता, म्हणून वेळ पक्की सांगते. आठ महिन्यांचं माझं लेकरू, पोट भरलं तरी ओठ तसेच हलवत झोपलं. त्याला सासूबाईंच्या कुशीत दिलं आणि मी रानात मोहाची फुलं वेचायला निघाले.

मी भित्री आहे, सगळ्या गावाला ठाऊक आहे. टोपलीत शिट्टी, काडीपेटी, दोरी, कांदा-भाकर आणि पाण्याच्या मोठ्या बाटल्या. डोक्याच्या मागच्या बाजूला मुखवटा बांधलेला. वाघ मागून येतो, तोंड दिसलं की थबकतो, असं म्हणतात. माझा मुखवटा जत्रेतला होता. दात काढून हसणारा जोकर.

रानाच्या तोंडाशी बाया उजेडाची वाट पाहत बसल्या होत्या. धुरपताकाकूंनी मला पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

"नूतन, मोह वेचाले चालली का बाळंतपणाले?"

"असू द्या वो काकू. लेकरू हाय घरी."

"अन् हा मागचा कोण? वाघ हसून हसून मरन ना!"

सगळ्या हसल्या. मीही हसले. मग काकूंचा आवाज बदलला. "आयका. हाकेच्या बाहेर जायचं नाई. अन् चुकलंच तं बसून राह्याचं. जागा सोडायची नाई."

थोडं पुढं, जिथं रान दाट होतं, तिथं वाटेच्या कडेला डहाळ्यांचा ढीग आहे. फार वर्षांपूर्वी कोणी एक बाई मोह वेचता वेचता चुकली, ती परत आलीच नाही. नावही कोणाला आठवत नाही. त्या ढिगालाच आम्ही डहाळीबाई म्हणतो. जाणाऱ्यानं एक डहाळी मोडून टाकायची. मोडलेला बुडखा गावाकडं, शेंडा रानाकडं. चुकलेल्याला घर कुठं ते कळावं म्हणून. माणसं टाकत गेली, ढीग कमरेला लागला. सगळा वाळलेला, करडा, वाळवी लागलेला.

मी दोन टाकल्या. एक मोठी, एक बारकी.

"दोन काऊन वो?" काकूंनी विचारलं.

"बारकी पियुषची."

"त्यानं मोह कवा वेचला?"

"माझ्या दुधातून खातेच ना तो!"

पुन्हा हसू. तेवढ्या हसण्यावर आम्ही आपापल्या झाडांकडं पांगलो.

माझ्या झाडाखाली रात्री अस्वल येऊन गेलं होतं. चार फुलं उरली होती. पलीकडच्या झाडाखाली मात्र पिवळा सडा दिसला. तो वेचला. त्याच्या पलीकडं आणखी एक. मोह वेचणारीची नजर भुईवर असते, तिला झाड दिसत नाही, वाट दिसत नाही. टोपली भरली तेव्हा मी मान वर केली. सगळीकडं सागाची उघडी खोडं. सारखीच. बायांचा एकही आवाज नाही.

मी शिट्टी काढली आणि जोरात फुंकली.

लगेच शिट्टीनं उत्तर आलं. जीव भांड्यात पडला. पुन्हा फुंकली. या वेळी उत्तर दोन बाजूंनी आलं. मग मागूनही. बारीक, ओली शिट्टी. पियुषचे बाबा सफारीच्या गाडीवर आहेत, त्यांनी एकदा सांगितलेलं आठवलं. रानकुत्री शिट्टी वाजवतात.

मी शिट्टी पदरात गुंडाळून ठेवली.

काकूंनी सांगितलं तसं बसले. पाणी पुरवून पुरवून प्यायले. हाका मारल्या, घसा बसला. दुपार चढली. सागाचं उरलंसुरलं एकेक पान खाली पडे आणि कोणी चालत आल्यासारखा आवाज होई. मला वाघाची भीती होतीच. पण खरी भीती वेगळी होती. माझी छाती दाटून आली होती, पोलकं भिजत होतं. तिकडं पियुष रडून रडून काळानिळा झाला असेल. वरचं दूध तो थुंकून टाकतो. ऊन कलायला लागलं. अंधार पडला तर मी सकाळपर्यंत इथंच, आणि सकाळ दिसेलच असं कोण सांगतं?

तेव्हाच वास आला. ओल्या मातीचा. भर चैतात.

समोर, वाळक्या पानांवर, एक हिरवी डहाळी पडली होती. आत्तापर्यंत तर नव्हती! झाडांना हिरवं पान नाही, आणि हिची पानं पावसाळ्यासारखी रसरशीत. पाणी ठिबकत होतं. बुडखा एका बाजूला, शेंडा एका बाजूला.

जागा सोडायची नाही, काकूंनी बजावलं होतं. मी डहाळीकडं पाहिलं, भिजलेल्या पोलक्याकडं पाहिलं. टोपली उचलून उठले. बुडख्याच्या दिशेनं चालू लागले.

थोड्या अंतरावर दुसरी. मग तिसरी. माझा पाय पानावर पडला की करकर व्हायची. मग कळलं, माझा पाय थांबला तरी एक करकर जास्तीची होतेय... माझ्या मागं.

वळायची हिंमत झाली नाही. ओला वास मानेपाशी आला. आणि अगदी हळू, बायकी आवाजात कोणीतरी विचारलं,

"बाई... तू येऊन राह्यली... का जाऊन राह्यली?"

 आणि एकदम मला आठवला तो जोकर. मागून बघणाऱ्याला माझं तोंड मागंच दिसत होतं, दात काढून हसणारं, आणि पाय मात्र उलटे चालत होते!

"जाऊन राह्यली..." मी म्हटलं. "घरी जाऊन राह्यली, बाई... लेकरू हाय वो..."

 मग ती हसली. पदर तोंडाला लावून हसावं तशी, दाबून, खुदूखुदू. भीतीनं माझे दात वाजत होते, आणि खोटं कशाला सांगू, मलाही हसू फुटलं. दोघी हसत होतो त्या रानात. तिथून पुढं डहाळ्या जवळजवळ पडलेल्या दिसू लागल्या. मी पळतच सुटले.

शेवटी दोन डहाळ्या एकमेकींना लागून होत्या. एक मोठी, एक बारकी.

त्यांच्या पुढं गावची वाट होती. वाटेवरून थाळ्यांचा, डब्यांचा आवाज येत होता. अर्धं गाव शोधायला निघालं होतं. सगळ्यात पुढं पियुषचे बाबा, आवाज बसलेला. मला पाहून ते मटकन खालीच बसले. धुरपताकाकूंनी पाठीत धपाटा घातला आणि मग गळ्यातच पडल्या.

"मेली! दिवसभर कुठी होती? मोह किती वेचला, दाखव!"

टोपली भरलेली होती. लोक रडता रडता हसायला लागले. सासूबाई पियुषला कडेवर घेऊन तिथवर आल्या होत्या. मी वाटेवरच बसले, पदराखाली घेतलं. तो असा लुचू लागला की मला गुदगुल्या झाल्या.

"डहाळ्या कोणी टाकल्या, वो? बरं झालं," मी म्हटलं.

"कायच्या डहाळ्या?" काकूंनी विचारलं. मग त्यांची नजर माझ्या मागं गेली. थाळ्या थांबल्या.

आम्ही डहाळीबाईपाशीच बसलो होतो. ढीग नव्हता. एक काडीसुद्धा नव्हती. जमीन झाडून काढल्यासारखी स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव डहाळ्या घेऊन गेलं. डफ वाजवला, भजी तळली, पोरं नाचली. एका दिवसात ढीग गुडघ्याला लागला. एवढी मजा आमच्याकडं लग्नातही होत नाही.

मुखवटा घरामागच्या कुंपणाला टांगला आहे, रानाकडं तोंड करून. पहिल्या सकाळी कुंपणाच्या बाहेर एक हिरवी डहाळी पडली होती, ओली, बुडखा आमच्या घराकडं. सासूबाई म्हणाल्या, "तिले वाटत असन, ती हसरी बाई अजून घरी पोचलीच नाई." दुसऱ्या सकाळी डहाळी कुंपणाच्या आत होती. आज पायरीवर आहे.

म्हणून सांगते. रानात जाल तर डहाळी टाका, बुडखा गावाकडं. मागून कोणी विचारलं, तर घरी जाऊन राह्यली, एवढंच म्हणा. आणि तुमच्या सोबत रानात येणाऱ्या बाईलाही हे सांगून ठेवा.