कच्चं बोट

चर्चमधल्या पियानोवर कुणीतरी एकाच हातानं भजन वाजवत होतं, म्हणून रोझी आत डोकावली. सोनईहून मिशनच्या शाळेवर नुकतेच आलेले शांतवन मास्तर बसले होते. उजवा हात पट्ट्यांवर, आणि डावा… पियानोच्या पाठीमागे चाचपडत होता.

"मास्तर, पेटीसारखा भाता शोधताय? याला नसतो."

"मग ह्याला वारा कोण घालतं?"

"कुणी नाही. सगळं बोटांनीच निभवायचं."

मास्तर हसले. रोझीनं मनात नोंद केली — दात चांगले, बोटं वाईट.

पियानो वाजवणाऱ्या मडमबाई मायदेशी गेल्या होत्या. ती जागा शाळेच्या मास्तरालाच द्यायची होती; नाताळापर्यंत हात बसला तर शांतवन मास्तरांना. नाही तर बदली, अकोले तालुक्यातल्या डोंगरातल्या शाळेवर. मडमबाईंच्या हाताखाली शिकलेली रोझी शिकवायला तयार झाली. तिचे वडील अंथरुणाला खिळलेले, त्यामुळं नगर सोडून ती कुठं जाणार नव्हती.

शाळा सुटली की शिकवणी. पाच बोटं पाच पट्ट्यांवर. चार दाबून ठेवायची, एकच उचलायचं. अंगठा दांडगा, करंगळीशेजारचं बोट आळशी. ते उठलं की करंगळीही नवरीमागच्या करवलीसारखी उठायची. मग रोझी बोटाच्या टोकानं करंगळी दाबून धरायची… आणि मास्तरांची पाचही बोटं एकदम चुकायची.

दिवाळीनंतर एकदा ती लवकर आली. व्हरांड्यातच थबकली. आतून सूर येत होते — कणसावरच्या जोंधळ्याच्या दाण्यांसारखे, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं. ती आत गेली मात्र, करवली पुन्हा उठली.

रोझीला सगळं कळलं. तिनं मुकाट्यानं करंगळी दाबली. "अजून कच्चं आहे."

"फारच," मास्तर गंभीरपणे म्हणाले.

डिसेंबर लागताच पाळकसाहेबांनी रोझीला विचारलं, मास्तरांचा हात बसला का? हो म्हटलं असतं तर शिकवणी त्याच दिवशी संपली असती. नाताळ तर लांब होता. एक बोट कच्चं आहे, ती म्हणाली, पंधरा दिवस द्या. पण पाळकसाहेब घाईचे गृहस्थ. त्यांनी सोलापूरला पत्र टाकलं. आठवड्यात तिथले मास्तर हजर, आणि शांतवन मास्तरांच्या हाती बदलीचा हुकूम. रोझी खरं सांगायला धावली, तेव्हा सोलापूरच्या मास्तरांना शब्द देऊन झाला होता.

मोटारीच्या अड्ड्यावर तिनं सगळं सांगून टाकलं. मास्तरांनी ट्रंकेची कडी उघडली, पुन्हा लावली.

"आणि मला वाटायचं, तुम्ही फसताय," ते म्हणाले. "जागा मिळाली की मागणी घालायची, असं ठरवलं होतं, रोझीबाई."

"मग… आता घाला."

"डोंगरात? बाबांना टाकून याल?"

येईन, पुढच्या वर्षी, बाबा बरे झाले की — एवढं छोटंसं खोटं इथं खपून गेलं असतं. दोघांनाही गोड लागलं असतं. पण रोझीची ती हौस आता फिटली होती.

"नाही," ती म्हणाली.

मास्तरांनी मान डोलावली, आणि ट्रंक उचलून ते मोटारीत चढले.