दोन घरांच्या दोन किल्ल्या

"अगं, कोण काय म्हणतंय ते ऐकू नकोस. नळी बघ, नळी!"

आत्याचा हा आवाज अजून माझ्या कानात आहे. तेव्हा मी रायफलीएवढीही उंच नव्हते. आमच्या नेमबाजीच्या क्लबच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती गुडघे टेकून रेंजवर न्यायचं सामान भरायची आणि भरता भरता स्वतःच रचलेलं काहीतरी गुणगुणायची –

आधी निजव चटई गं, वरती निजव कोट,
चष्म्याच्या गं डबीचे मिटून घे ओठ.
नळी नांदे एका घरी, गोळी नांदे दुज्या घरी,
दोन कमरांना किल्ल्या दोन, तेव्हा झोप येते बरी...

कुणी "रिकामी आहे हो" म्हणत रायफल पुढे केली, की ती गोड हसायची, मान डोलवायची... आणि तरीही नळीत डोकवायचीच.

आत्या गेली, तेव्हा तिच्या दोन गोष्टी माझ्याकडे आल्या. एक, रायफलींच्या पेटीची किल्ली सांभाळायचं काम. दुसरी, संशय.

संशयाचं तर विचारूच नका. मी चष्म्याच्या दुकानात नंबर तपासते. एखादे आजोबा शेवटची ओळ धडाधड वाचायला लागले, की मला वाटतं, यांनी ती पाठ केलीय. मी गुपचूप तक्ता बदलते. आमच्या वहिनीनं तर कधीच भाकीत करून ठेवलंय, "या बयेला नवरा मिळाला ना, तर आधी त्याला उजेडात धरून बघेल. अंड्यासारखा!"

पण आमच्या क्लबचा सगळा कारभारच असा. रायफली एका पेटीत, गोळ्या दुसऱ्या पेटीत. किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे, आणि ती दोन माणसं एका घरातली असता कामा नयेत. किल्लीनं हात बदलला, की कुलूपसुद्धा बदलायचं. आत्याच्या काळापासून गोळ्यांची किल्ली मास्तरांकडे होती. मास्तर म्हणजे आम्हाला नेम धरायला शिकवणारे, वाळक्या शेंगेसारखे, एकटे राहणारे, जगावर रागावलेले आणि आमच्यावर जीव टाकणारे.

त्या रविवारी सकाळी धुकं इतकं दाट होतं, की क्लबची गाडी म्हणजे नुसते दोन पिवळे डोळे दिसत होते. मी जवळ गेले, तर एक अनोळखी माणूस माझी लांब पेटी उचलत होता.

"हात लावू नका!"

त्यानं पेटी तिथल्या तिथे खाली टेकवली आणि दोन्ही हात वर केले. अगदी चोर पकडल्यासारखे.

"ओली जमीन होती... म्हणून गाडीत ठेवत होतो," तो म्हणाला.

"तुम्ही कोण?"

"मी... गोळ्यांचा."

तेवढ्यात धुक्यातून मास्तर खोकत आले. "अगं, याला खाऊ नकोस. घड्याळजी आहे तो, चौकातल्या दुकानातला. माझे गुडघे आता गाडीत चढू देत नाहीत दर वेळी. गोळ्यांची किल्ली याच्याकडे दिलीय. कुलूपही बदललंय."

मी त्याच्याकडे नीट बघितलं. बोटं लांब, नखं स्वच्छ, एका डोळ्याभोवती भिंग लावून लावून उमटलेलं पुसट वर्तुळ. आणि ओठांच्या कोपऱ्यात दाबून धरलेलं हसू.

हसू कशासाठी? मी मनात नोंद केली.

गाडीत तो नेमका माझ्या शेजारी बसला. त्याच्या पायांशी गोळ्यांची छोटी पेटी, माझ्या पायांशी रायफलींची लांब पेटी. गाडी वळली, की दोन्ही पेट्या एकमेकींना हळूच टेकायच्या... मी माझी ओढून घ्यायचे.

"एक विचारू?" तो म्हणाला. "तुम्ही किल्ली घरी कुठे ठेवता?"

मी कमरेची किल्ली मुठीत घट्ट धरली. "तुम्हाला काय करायचंय?"

"माझी कुठे ठेवावी, तेच सुचत नाही. काल उशीखाली ठेवली, तर रात्रभर टोचली."

"मग टोचू दे. माझी कुठे असते, ते माझ्या वहिनीलाही माहीत नाही."

"बरं," तो म्हणाला. "नका सांगू." आणि खिडकीबाहेर बघत बसला. पण काचेत मला दिसत होतं, तो बघत माझ्याकडेच होता.

रेंज म्हणजे जुन्या दगडखाणीतलं मैदान. पुढे मातीचा उंच बांध, मागे पत्र्याचं छप्पर. चटया अंथरल्या. मी पेटी उघडली, प्रत्येक रायफलीचा बोल्ट उघडून नळीतली केशरी दोरी दाखवली. ही दोरी आरपार दिसली, की समजायचं आत काही नाही.

"रिकामी," मी म्हणाले आणि पहिली रायफल त्याच्याकडे दिली.

दुसरा कुणी असता तर मान हलवून मोकळा झाला असता. त्यानं खाली वाकून नळी बघितली. दोरी ओढून बघितली. मग म्हणाला, "हो. रिकामी."

"माझ्यावर विश्वास नाही वाटतं?" मी जरा फणकाऱ्यानंच विचारलं.

"आहे ना. पण तुम्ही माझ्या हातून रायफल न बघता घेतली असतीत, तर मला वाईट वाटलं असतं."

हे काय उत्तर झालं? मी कानांवर आवाज अडवणारे मफ चढवले. पण मफ घातले तरी काही आवाज आतच राहतात... ते वाक्य दिवसभर आतच राहिलं.

मग रविवारामागून रविवार गेले. तो थर्मासमधून चहा आणायचा. मी आधी वास घ्यायचे.

"विष नाहीये," तो म्हणायचा.

"विषाला वास नसतो."

"मग वास कशाला घेता?"

"तुमचं तोंड बघायला. मी वास घेताना तुम्ही घाबरता का, ते."

"घाबरतो तर!" तो म्हणायचा. "साखर कमी पडली असली तर?"

एकदा माझ्या किल्लीची कडी सैल झालेली त्याला दिसली. किल्ली पडेल, म्हणाला. मला ते पटलं, म्हणून नाइलाजानं मी त्याच्या दुकानात गेले. भिंतभर घड्याळं टकटकत होती, एकाचं दुसऱ्याशी पटत नव्हतं. त्यानं कडी चिमट्यानं आवळली. मी समोरच उभी होते. पण तेवढ्यात दारात मास्तर आले, मी वळून दोन शब्द बोलले... आणि परत बघितलं, तर किल्ली काउंटरवर एकटीच पडलेली. तो आत पाणी प्यायला गेला होता.

एकटीच? की ठसा घेऊन झाला होता?

माझं डोकं फिरायला लागलं, ते असं. आणि एकदा फिरायला लागल्यावर सगळं त्यातच ओढलं जातं. वहिनी भाजी निवडता निवडता म्हणाली, "तो घड्याळवाला मंडईत भेटला होता गं. विचारत होता, घरात कोण कोण असतं, तुम्ही कायम इथेच राहणार का..."

"तू काय सांगितलंस?"

"सगळं सांगितलं."

"वहिनी! घराची टेहळणी करतोय तो!"

वहिनीनं माझ्याकडे बघितलं, मग भाजीकडे बघितलं आणि इतकी हसली, इतकी हसली, की भाजीची जुडी मांडीवरून खाली गेली. "टेहळणीच करतोय, बाई. टेहळणीच!"

मला काही हसू आलं नाही. पेटीत क्लबच्या सगळ्या रायफली होत्या. एक जरी भलत्या हातात गेली, तर? आत्यानं एवढं सांभाळलेलं माझ्या हातून निसटलं, तर? आणि त्याहून खोल, जिथे मी सहसा बघत नाही तिथे दुसरी भीती होती – तो तसा निघाला, तर रविवारचा तो चहा... ते "हो, रिकामी" म्हणणं... सगळंच खोटं?

पुढच्या रविवारी गाडीच्या मागे त्याचा आणि मास्तरांचा आवाज कानावर आला.

"तिला एवढ्यात काही बोलू नका, मास्तर. आधी कुलूप होऊ दे."

"पोरगी फार हुशार आहे रे. ओळखेल."

"तोवर झालेलं असेल."

म्हणजे मास्तरही सामील! मी गाडीच्या चाकाशी उभी राहिले.

दोन दिवसांनी दुकानावरून मुद्दाम गेले. बाहेर बारीक भुरभुर. ओल्या काचेतून बघितलं, तर तो भिंग लावून काहीतरी घासत होता. लोखंडी पकडीत आवळलेली चक्क एक किल्ली! मी दार ढकललं. त्यानं चटकन वर फडकं टाकलं.

"काय झाकलंत?"

"घड्याळाचं... काही नाही."

"घड्याळाला दात असलेली किल्ली लागते?"

त्याचे कान लाल झाले. खोटं बोलणाऱ्याचे होतात तसे. की आणखी कशानं होतात? मला कळेना. मी भिजत बाहेर पडले, सरळ लोखंडी सामानाच्या दुकानात गेले आणि माझ्या पेटीला नवं कुलूप घेतलं. कुणालाही न सांगता.

रविवार आला. या वेळी मास्तरही गुडघ्यांना पट्टे बांधून आले होते, आणि क्लबात येणाऱ्या शाळेच्या बाईसुद्धा. रेंजवर पोचलो. मी पेटीशी बसले. घड्याळजीनं माझ्या नव्या कुलपाकडे बघितलं. एकदा. मग दुसरीकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर राग असता, तर मला बरं वाटलं असतं. पण तिथे नुसतं दुखणं होतं.

मी उठले. "आज पेटी उघडणार नाही," मी म्हणाले. "यांनी माझ्या किल्लीची नक्कल बनवलीय. मी बघितलंय. विचारा त्यांना, पकडीत कुठली किल्ली होती ते! आणि मास्तर, तुम्ही... तुम्हीसुद्धा?"



घड्याळजीनं पिशवीत हात घातला. चकचकीत कुलूप काढलं, त्यात किल्ली अडकवलेली. ते माझ्या समोर चटईवर ठेवलं.

"ही किल्ली लावून बघा. तुमच्या पेटीला लागत नाही. जुन्या कुलपाला पण लागणार नाही. हे गोळ्यांच्या पेटीचं आहे."

मी नुसतं बोलणं ऐकून मागे हटणारी नव्हे. आत्याची भाची. खिशातलं जुनं कुलूप काढलं, त्यात घड्याळजीची किल्ली घातली, फिरवली, ढकलली. नाही लागली. नव्यालाही नाही. मग त्याचं कुलूप गोळ्यांच्या पेटीच्या कोयंड्याला धरून बघितलं. तिथे बसलं. अगदी मापात.

"पण त्या पेटीला कुलूप आहे की..."

"किल्ली हात बदलतेय," मास्तर म्हणाले. "आजपासून गोळ्या बाईंकडे."

शाळेच्या बाईंनी पदर सावरून किल्ली उचलली आणि उगाचच दूर टार्गेटांकडे बघायला लागल्या.

"पण का?" मी त्याला विचारलं. "क्लब सोडताय? कंटाळलात? माझ्या संशयाला..."

मास्तरच पुढे आले. मुठीत काठी आवळून, कुणाकडेही न बघता म्हणाले, "तुझ्या आत्याची किल्ली आणि माझी किल्ली, पोरी... जन्मभर दोन घरांत राहिल्या. ती म्हणायची, एका घरात यायचं तर तू किल्ली सोड. मी म्हणायचो, तू सोड. आम्ही दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो. फार बरोबर होतो." "याला मी एवढंच सांगितलं. बाकी त्याचं त्यानं ठरवलं."

मास्तर काठी टेकत छपराच्या दुसऱ्या टोकाला निघून गेले. बाई त्यांच्यामागे.

आता मी होते आणि तो होता. मध्ये दोन पेट्या.

मला सगळं कळलं होतं. आणि तरीही... मी मीच होते.

"मला न विचारताच किल्ली सोडलीत?"

"विचारलं असतं, तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

मी खरं तेच सांगितलं. "पुरावा काय, असं."

"म्हणून पुरावा आधी आणला," तो म्हणाला. ओठांच्या कोपऱ्यातलं ते हसू यायला बघत होतं, पण धीर होत नव्हता. "तुमची सोडायला लावायची नव्हती. ती आत्यांकडून आलीय. माझी काय... उशीखाली टोचतच होती." त्यानं श्वास घेतला. "आता विचारतो. एका घरात... येशील?"

येशील म्हणाला. याल नाही.

त्या एवढ्याशा शब्दानं माझ्या कानांत टाळी वाजल्यासारखं झालं. पण मी शब्दावर गेले नाही. जवळ जाऊन त्याच्या डोळ्यांत बघितलं. एका डोळ्याभोवती भिंगाचं पुसट वर्तुळ होतं, दुसऱ्याभोवती काही नाही. दोन्हींत मी होते. आरपार. त्यानं पापणी हलवली नाही. तपासू दिलं.

वारा आला. बांधावरचं गवत आडवं झालं, उभं राहिलं. मी कमरेची किल्ली सोडली, तळहातावर ठेवली, परत कमरेला बांधली. एवढं करेपर्यंत तो वाट बघत राहिला.

"ऐक," मी म्हणाले, हळू, फक्त त्याच्यापुरतं. "तू पहिल्या दिवशी विचारलं होतंस ना... आत्याच्या शिवणाच्या डब्यात ठेवते मी. बटणांच्या खाली."