काळं पिस्तूल आणि चिमूटभर विभूती

"आर्मरर साहेब कुठं हायेत?"

खिडकीच्या जाळीपलीकडचा माणूस नखशिखांत भिजला होता. हातात टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं, आणि मेलेलं पाखरू धरावं तसं त्यानं ते जपून धरलं होतं.

"बोला," शांभवी म्हणाली.

"साहेबांशी बोलायचंय."

"चालू हाय की बोलणं."

त्यानं मान वर केली. आधी तिच्या तेलकट बोटांकडे पाहिलं, मग तिच्याकडे... आणि ओशाळून पुन्हा बोटांकडे. शस्त्रागारात बाई असते, हे दोन हजार सालच्या आसपास कुणाला पटकन खरं वाटत नसे. शांभवी गडहिंग्लजकडची, तेलाच्या व्यापाऱ्याची मुलगी. हत्यारं खोलून दुरुस्त करायचं शिक्षण घेऊन ती कोल्हापूरला मुख्यालयात लागली, तेव्हा "पोरीचं काम तेलाचंच, दुकान तेवढं बदललं," असं तिचे अप्पा चारचौघांत हसून सांगत. घरात मात्र हसत नसत.

"हवालदार गणपतरावांचं हाय," टॉवेल पुढे सरकवत तो म्हणाला. "चाललं न्हाय."

आदल्या दिवशीची बातमी सगळ्या पोलीस लाइनीला ठाऊक होती. बिद्रीच्या बाजूला उसात दरोडेखोरांची टोळी लपली होती. गणपतरावांनी एक गोळी झाडली, तिचं रिकामं काडतूस आतच अडकलं, आणि दुसरी गोळी सुटलीच नाही. समोरच्याची सुटली. त्यांच्या शेजारी, हाताच्या अंतरावर फौजदार प्रसेनजीत कांबळे होता. तोच आता तिच्या खिडकीत उभा होता.

शांभवीनं पिस्तूल खोललं. "हा बारका आकडा बघा. झाडलेलं काडतूस हाच वढून भाईर टाकतो. झिजलाय, त्यात चिखल बसलाय."

"एवढ्याशा आकड्यापायी..." त्यानं जाळी मुठीत धरली.

तिनं स्वतःचा चहाचा पेला जाळीखालून सरकवला. त्यानं एक घोट घेतला, थांबला.

"ह्यात साखर न्हाय."

"मला लागत न्हाय."

"तरीच."

"तरीच काय?"

"...काय न्हाय," तो म्हणाला आणि उरलेला चहा निमूटपणे पिऊन गेला. पाऊस चालूच होता. खिडकीच्या फळीवर त्याच्या हाताचा ओला ठसा राहिला होता. तो आपोआप सुकेपर्यंत शांभवीनं काही फळी पुसली नाही.

त्या मृत्यूनंतर पथकाला नवी पिस्तुलं द्यायचं ठरलं. नमुने दोन आले. एक चकचकीत, बाहेरच्या देशातलं, हातात घेतलं की ठेवू नये असं वाटणारं. दुसरं काळं, बोजड, रेड्याच्या तोंडासारखं. तपासणी शांभवीनं करायची, चालवून बघायचं प्रसेनजीतनं, आणि शेवटचा शब्द मोठ्या साहेबांचा. साहेबांना चकचकीतच आवडलं होतं, ते त्यांनी लपवलंही नाही.

मग रोज दुपारी दोघं चांदमारीच्या मैदानावर. परतीच्या पावसानं मैदानाचा राडा झालेला. शांभवीनं उसाच्या सरीतला चिखल बादलीतून आणवला आणि दोन्ही पिस्तुलं त्यात बुडवली.

"अहो, नवं हाय ते," प्रसेनजीत कळवळला.

"टोळी काय तुमास्नी गालिच्यावर भेटणार हाय व्हय?"

ओल्या हातानं, डाव्या हातानं, धापा टाकत पळून आल्यावर... ती सांगेल तसं तो झाडत होता. काडतुसंही तिनं पथक नेहमी वापरतं तीच घेतली, मुद्दाम आणलेली भारी नाहीत. चिखल आत गेला की चकचकीत अडखळायचं. काळं मात्र एकदाही थांबलं नाही.

"दिसायला कसंबी असू दे," ती म्हणाली. "बोलावलं की आलं पायजे."

"माझ्याबद्दल बोलताय का पिस्तुलाबद्दल?"

"तुमचं अजून तपासायचं हाय."

बाकावर बसलेल्या सरुबाई हवालदार खोकल्या. सगळ्या लाइनीच्या त्या आक्का. "तपास की बाई," त्या म्हणाल्या. "पर चिखलात किती बुडवशील त्येला?"

प्रसेनजीत हसला, पण ते हसू ओठांवरच राहिलं. गणपतराव गेले त्या दिवसापासून तो असाच हसत असे. झाडताना प्रत्येक गोळीनंतर क्षणभर तो पिस्तुलाकडे बघायचा, दुसरी येईल ना, अशा नजरेनं. शांभवीला ती नजर घरी जातानाही दिसायची, जेवतानाही दिसायची.

खंडेनवमी आली. शस्त्रागारात त्या दिवशी सगळी हत्यारं तेलानं पुसून ओळीनं मांडायची, झेंडूची फुलं वाहायची, हळदकुंकू लावायचं, अशी जुनी चाल. प्रसेनजीत आदल्या दिवशीच खिडकीत येऊन म्हणाला होता, "माझ्या हत्याराला त्यातलं काय लावू नका. आजोबांनी छप्पन साली बुद्धाचा धम्म घेतला, तवापासनं आमच्या घरात हे न्हाय. राग मानू नका."

"त्यात राग कसला," ती म्हणाली होती.

आणि खरंच, ते काळं पिस्तूल तिनं ओळीत मांडलं नाही. पण दसऱ्यानंतर शेवटची चाचणी होती, आणि चाचणीनंतर पथक पुन्हा त्याच उसात उतरणार होतं. सगळे आरतीला गुंतले असताना तिनं ते कपाटातून काढलं. तिच्या आईनं, अव्वानं, घरून निघताना दिलेली विभूतीची पुडी कायम तिच्याजवळ असे. तिनं चिमूट घेतली. कपाळ नव्हतं लावायला... तिनं पिस्तुलाची वरची सरकती स्लाईड मागे ओढली आणि जिथं गणपतरावांचं पिस्तूल अडकलं होतं, नेमकं तिथं, त्या बारक्या आकड्याखाली ती राख बोटानं दाबून बसवली. बाहेरून काही दिसत नव्हतं. ती हत्यारांची जाणकार होती, पण त्या क्षणी तेवढी जाणकार राहिली नाही.

शेवटच्या चाचणीला साहेब स्वतः आले. प्रसेनजीतनं काळं पिस्तूल उचललं. पहिली गोळी सुटली. दुसऱ्या वेळी चाप दाबला, आणि काही झालं नाही. रिकामं काडतूस आतच अडकलं होतं.

प्रसेनजीत पिस्तुलाकडे बघत राहिला. त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"संपलं," साहेब म्हणाले. "चकचकीतच घ्या."

शांभवीनं पिस्तूल हातात घेऊन खोललं. आकड्याखाली तेलात मळलेली राख घट्ट पिठासारखी बसली होती. अंगठ्यानं पुसली असती तर कुणाला कळलं नसतं. आणि पथक ते चिखलात अडखळणारं घेऊन उसात उतरलं असतं.

"साहेब, ह्यात पिस्तुलाचा दोष न्हाय. हे माझ्या हातनं झालंय."

"काय झालंय?"

"विभूती हाय. मी लावली आत."

"आत? कशासाठी?"

तिनं खोललेलं पिस्तूल खाली ठेवलं. सगळं पथक ऐकत होतं. आक्कांनी मान खाली घातली.

"फौजदार परत यावेत म्हणून."

प्रसेनजीतकडे बघायची तिची छाती झाली नाही. साहेबांनी वाकून ती राख बघितली. मग म्हणाले, "साफ करा. चिखलात घाला. माझ्यासमोर."

तिनं साफ केलं, चिखलात घातलं. पिस्तूल चाललं, शेवटच्या गोळीपर्यंत चाललं. साहेबांनी काळं मंजूर केलं आणि त्याच संध्याकाळी शांभवीची बदली वायरलेस खोलीत केली. चुकीच्या मानानं ते थोडक्यातच निभावलं.

पथक निघायच्या आधी प्रसेनजीत वायरलेस खोलीच्या दारात आला. कमरेला काळं पिस्तूल होतं.

"रागावलाय?" तिनं विचारलं.

"व्हय. मी नको म्हटलं हुतं."

"...व्हय."

"आल्यावर भांडू," तो म्हणाला. "नीट, बसून."

दुसऱ्या दिवशी दुपारी संचातून खरखर आली. 'गोळीबार झाला. एक ठार.' एवढंच, मग पुन्हा खरखर. शांभवीनं कोण म्हणून विचारलं. एकदा विचारलं, पुन्हा विचारलं. बाहेर अंगणात कुणीतरी सायकलची चेन बसवत होतं, तो आवाज तिला असह्य झाला. मग एक ओळखीचा, थकलेला आवाज आला. नियमात न बसणारा एकच शब्द.

"चाललं."

सकाळी तो वायरलेस खोलीत आला. बसला. पाऊस भुरभुरत होता. तिनं चहा पुढे ठेवला, पण त्यानं हात लावला नाही.

"पोरगं हुतं," तो म्हणाला. "मिसरूडबी नीट फुटलं नव्हतं. त्याच्याकडं गावठी कट्टा हुता. त्यो अडकला. हातातल्या कट्ट्याकडं बघत ऱ्हायलं ते... गणपतराव बघत हुते तसंच. आणि माझं चाललं."

शांभवीनं संचाची खरखर बारीक केली.

"तुमची निवड बरोबर हुती," तो म्हणाला. "पर माझ्याच आत कायतरी अडकलंय आता. भांडायचं म्हणून आलतो. जमंना."

"अडकलं म्हणून हत्यार कुणी टाकून देत न्हाय," ती हळू म्हणाली. "खोलायचं. बघायचं. पुसायचं. परत बसवायचं."

"लई दिवस लागतील."

"लागू देत."

"तुमच्या अप्पांस्नी माझ्याबद्दल काय सांगणार?"

"चिखलात बुडवून बघा म्हणीन."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. हसू आलं नाही, पण डोळे पहिल्यांदाच हलले. त्यानं पेला उचलला, घोट घेतला.

"साखर न्हाय ह्यात."

"न्हाय."

तो पीत राहिला. शांभवीनं खुर्ची त्याच्याजवळ ओढली, त्याचा मोकळा हात तेलाचे डाग अजून न गेलेल्या आपल्या बोटांत घेतला आणि पेला रिकामा होईपर्यंत सोडला नाही.