मधपाणी

"टाक! टाक पटकन!" ओल्विन कुजबुजला.

देल्मीने पोतं गिरणीच्या सांडपाण्याच्या खड्ड्यात उलटं केलं. दाणे काढलेली, लाल लोकर गुंडाळलेली वीस सुकी कणसं कॉफीच्या लालभडक सालींवर तरंगायला लागली. कुणाला ओळखूही येईनात!

"पळा! रखवालदार वळला!" नोल्विया म्हणाली.

तिघं कॉफीच्या झाडांत घुसली. देल्मीला रखवालदाराची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती ही, की आज दुपारी पाणी समिती तिच्या घरचा नळ तोडणार होती!

यंदा ओढा पारच नासला होता. खेकडे पोटं वर करून मेले, नळाला आंबूस वास सुटला. कॉफी सोलायच्या गिरणीचा मॅनेजर आरिस्तीदेस म्हणाला, "देल्मीची आई रेइना ओढ्यात कॉफी धुते." रेइना धुते दोनच टोपल्या, त्याही घरामागच्या बादलीत! पण मॅनेजरच्या शब्दावर माना डोलवायची गावाला सवय.

सुट्टीत कॉफी तोडताना मुलांना त्या खड्ड्याच्या काठाशी केळीच्या पानांखाली पाइपाचं तोंड दिसलं होतं. त्यावर फळी बसवलेली होती; ती उचलली की खड्डा पाइपातून रिकामा होणार.

"पाइप दाखवला तर मॅनेजर म्हणेल, जुना आहे, बंद आहे," देल्मी म्हणाली. "चालू असताना पकडायचा!"

"आणि आज गिरणीवाल्यांनी फळी उचललीच नाही तर?" ओल्विनने विचारलं.

"खड्डा काठोकाठ भरलाय, मठ्ठा! आणि तोडलेली कॉफी त्याच दिवशी सोलावी लागते, नाहीतर नासते. उचलतील!"

दुपारी सगळं गाव ओढ्यावर, नळांना पाणी पुरवणाऱ्या टाकीपाशी जमलं. समितीच्या प्रमुख ओतिलिया आजींनी विचारलं, "रेइना, काही सांगायचंय?"

"मी ओढ्यात कॉफी धुतलेली नाही," आई म्हणाली. आवाज कापत होता.

"सगळे चोर असंच म्हणतात!" मॅनेजर हसला.

देल्मी पुढे झाली. "साहेब, तुमच्या खड्ड्यातलं पाणी कुठे जातं?"

"मोठ्यांत बोलू नकोस, पोरी. जमिनीत जिरतं. एक थेंब ओढ्यात येत नाही!"

वर गिरणी धडधडायला लागली. देल्मी पाण्याकडे बघत राहिली. काहीच येईना.

"झालं?" मॅनेजर म्हणाला. "तोडा नळ!"

"थोडं थांबा, आजी!"

"किती थांबू, पोरी?"

नोल्वियाने देल्मीचा हात घट्ट धरला. फळी उचललीच नाही की काय?

तेवढ्यात पाणी तपकिरी झालं. फेस आला. आणि फेसातून गरगरत एक लाल कणीस आलं! मग दुसरं! मग चार एकदम!

"आलं!" ओल्विन पाण्यात उडी मारून ओरडला. "आजी, ही सकाळी आम्ही गिरणीच्या खड्ड्यात टाकली होती! लोकरीच्या गाठी मोजा, प्रत्येकावर तीन!"

आजींनी कणीस हातात घेतलं, गाठी मोजल्या.

"अहो, एवढं काय त्यात!" मॅनेजर घाईने बोलून गेला. "नुसतं मधपाणी आहे ते! सहा वर्षं सोडतोय, मेलं का कुणी?"

कॉफी धुतलेल्या पाण्याला तिकडे मधपाणीच म्हणतात. विषाला गोड नाव दिलं की पाजणाऱ्याला लाज वाटत नाही!

"सहा वर्षं?" आजी सावकाश म्हणाल्या. "गिरणीचा नळ तोडा. आत्ता! पाइप उखडून नवे खड्डे होईपर्यंत थेंब मिळणार नाही."

"माझी कॉफी नासेल!"

"ओढा नासला तेव्हा?" आजी मुलांकडे वळल्या. "सहा वर्षं वास येत होता, आम्ही नाकं दाबून बसलो. तुम्ही शोध घेतलात. शाबास रे पोरांनो! रेइना, मला माफ कर."

"माफी राहू दे, आजी," आई म्हणाली. आता तिचा आवाज कापत नव्हता. "ओढा निवळेपर्यंत वरच्या झऱ्याचं पाणी घरोघर कोण पोचवणार, ते ठरवा."

सगळ्यांनी मॅनेजरच्या नव्याकोऱ्या पिकअपकडे पाहिलं.

"पिंपं चढवा, साहेब!" देल्मी म्हणाली. "पहिली फेरी आमच्या घरी."