सुयुंचू कोणी दिलं?

सकाळीच बुबुसारा आपांचा फोन आला, तोही रडत.

"नुरझात, लुटलं गं मला! गावचं घर विकून ठेवलेले पैसे मागायला गेले, तर विमा कंपनीवाले म्हणतात, दहा वर्षांच्या आत काढलेत तर निम्मेच मिळतील. सोमवारी माझ्या लेकीच्या, मीरिमच्या हृदयाचं ऑपरेशन आहे. निम्म्या पैशात कोण करणार?"

पोलीस निरीक्षक नुरझात तडक आपांच्या घरी पोचली. गुंतवणूक सल्लागार एर्मेक आणि आपांचा पुतण्या कुबात, दोघांनाही तिने तिथेच बोलावलं होतं. कुबात कोऱ्या करकरीत गाडीतून उतरला. नुरझातच्या कपाळाला आठी पडली.

"ही योजना आपांच्या गळ्यात कोणी मारली?"

"यानेच," एर्मेक म्हणाला. "मी बँकेतली साधी ठेव सुचवली होती. याला जास्त व्याजाची हाव सुटली. नुरझात एजे, तुम्ही ताईसारख्या, मी तर माझी फीसुद्धा सोडली. फुकट सल्ला देऊन माझा काय फायदा?"

"थापा मारू नकोस!" कुबात उसळला. "मी फक्त आपांना ऑफिसात सोडलं आणि बाहेर थांबलो."

"आणि ही नवी गाडी?"

"टॅक्सी आहे, एजे. हप्त्यांवर घेतलीय."

आपांनी डोळे पुसले. "एर्मेक खरंच काही घेत नाही गं. कागद मंजूर झाले तेव्हा धावत आला बिचारा. 'आपा, पैसे दुप्पट होणार!' मी सुयुंचू म्हणून हजार सोम पुढे केले, तर म्हणाला, 'माझं मला पोचलं.' मला वाटलं, कुबातने दिलं असेल."

नुरझातने कान टवकारले. आनंदाची बातमी आणली की सुयुंचू, म्हणजे बातमीचं बक्षीस, मागायचं, हे बिश्केकमधल्या शेंबड्या पोरालाही कळतं. आणि पुढे केलेलं सुयुंचू कोणी नाकारत नाही.

"कुबात, तू दिलंस?"

"मी कशाला देऊ? पैसे आपांचे, आनंद आपांचा."

"मग कोणी दिलं, एर्मेक?"

"ते आपलं बोलण्याच्या ओघात..."

"ओघात खरंच निघालं तोंडातून! सुयुंचू देतं कोण? ज्याचं भलं झालं तो. आपांचं तर वाटोळं झालंय. भलं झालं कंपनीचं, तिने तुला दलाली दिली. साध्या ठेवीत तुला दमडी सुटली नसती, म्हणून ठेवीचं तू नावही काढलं नाहीस. आपांचं हित बघेन अशी शपथ घेऊन परवाना मिळवलास आणि खाल्लंस कंपनीचं! ऑपरेशनचं माहीत होतं तुला?"

एर्मेकची मान खाली गेली. "होतं."

"दलाली लपवली, असं आत्ताच्या आत्ता लिहून दे. मग करार रद्द होतो, पैसे पूर्ण परत येतात. तुझा परवाना जाईल, जाऊ दे!"

त्याने लिहून दिलं. कुबात तो कागद घेऊन कंपनीकडे सुटला.

"माफ करा, आपा," एर्मेक पुटपुटला. "पण तुमच्याकडून तर मी काहीच घेतलं नव्हतं."

"घ्यायचं होतंस रे मुडद्या," आपा म्हणाल्या. "म्हणजे माझा तरी राहिला असतास."